व्होल्ट दाखवते, पण लोड घेत नाही

इलेक्ट्रिक व्हीलचेअरच्या जॉयस्टिकजवळचे दिवे सकाळी सगळे हिरवे असतात. सोसायटीचा चढ चढताना ते एकदम लाल होतात आणि सपाटीवर थांबलं की पुन्हा हिरवे. घरच्यांना वाटतं, चालतंय अजून. पण बॅटरी थकत आल्याचं हेच लक्षण. मोटारी, बॅटऱ्या आणि बसलेला माणूस मिळून वजन सहज शंभर किलोंच्या वर जातं. अशी खुर्ची भर रस्त्यात बंद पडली तर ती हलवायला चार माणसं शोधावी लागतात, म्हणून तपासणी आधीच व्हायला हवी.

बहुतेक खुर्च्यांत 12 व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्ट मिळवलेले असतात. दोघींपैकी एक कमजोर झाली की चांगलीचाही उपयोग संपतो. दोन्हींचे मिळून व्होल्ट मोजले तर हा दोष लपतो. मोजायचं ते प्रत्येकीचं वेगळं.

आधी खुर्ची बंद करा, चार्जर काढा. अंगठी, बांगड्या, घड्याळ, गळ्यातली साखळी उतरवून ठेवा. दोन टर्मिनलांवर धातू आडवा पडला तर क्षणात लालबुंद होतो आणि बोट भाजतं. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. वायरी सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. मल्टिमीटरची लाल वायर चुकून 10 अँपिअरच्या भोकात राहिली असेल तर मीटर बॅटरीला थेट शॉर्ट करतो. हा अपघात नवख्यांकडून फार होतो. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. बॅटरी फुगली असेल किंवा गळत असेल तर तपासणी तिथेच थांबवा. ॲसिड अंगावर आलं तर ती जागा भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टर गाठा.

पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवलेली चांगली बॅटरी 12.7 ते 12.9 व्होल्ट दाखवते. 12 च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. मात्र एवढ्यावर विश्वास ठेवू नका. खरी कसोटी लोडची. 35 अँपिअर-अवर बॅटरीला गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब जोडला की सुमारे पावणेदोन अँपिअर करंट वाहतो. या हिशेबाने नवी बॅटरी 20 तासांच्या आसपास टिकते. 10.5 व्होल्ट झाले की बल्ब काढा आणि लगेच चार्जिंगला लावा. 16 तास टिकली तर ती अजून चालण्यासारखी आहे. 12 तासांच्या आत खाली आली तर बदलायची वेळ झाली. बल्ब खूप तापतो, म्हणून तो कापडापासून लांब ठेवा आणि कुणीतरी जागं असेल तेव्हाच ही चाचणी करा. गॅरेजमधला कारच्या बॅटरीचा जबर लोड टेस्टर इथे नको. या बॅटऱ्या सेल्फ मारायला नव्हे, तासन् तास हळू करंट द्यायला बनवलेल्या असतात.

निगा सोपी आहे, फक्त नेम हवा. वापर झाला की त्याच रात्री चार्जिंगला लावा. रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे जमतात आणि मग ती पूर्वीसारखी भरत नाही. खुर्ची वापरात नसेल तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. चार्जिंगच्या वेळी खिडकी उघडी ठेवा. चार्जर बिघडून बॅटरी जास्त चार्ज झाली तर हायड्रोजन बाहेर पडतो, आणि हवेत तो चार टक्क्यांच्या वर गेला तर एक ठिणगीही पुरते. सीलबंद बॅटऱ्यांच्या जेल आणि एजीएम या दोन प्रकारांचं चार्जिंग वेगळं असतं, म्हणून चार्जरवरचं सेटिंग जुळवून घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालतो तसं या सीलबंद बॅटऱ्यांत घालायला झाकण उचकटू नका. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात खुर्ची उन्हात उभी करू नका. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

बदलताना दोन्ही एकदमच बदला, एकाच कंपनीच्या आणि एकाच सुमाराच्या. दुकानात महिनोन् महिने पडून असलेली घेऊ नका, बॅटरीवरची तारीख बघा. जुनी जोडी दुकानदाराला परत द्या. त्यातलं शिसं विषारी असतं, आणि 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.