पेपर सोडून गेलेला संपादक

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकता आलं नाही, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून देतोय.

'आणीबाणी' म्हटलं की आपल्याला १९७५ आठवतं. मी आज तुम्हाला १९५८ च्या सिलोनमध्ये, म्हणजे आत्ताच्या श्रीलंकेत नेतोय. १९५६ मध्ये तिथे सिंहली ही एकच राजभाषा झाली. तमिळ लोक दुखावले, तणाव वाढला आणि मे १९५८ मध्ये दंगली पेटल्या. आणीबाणी लागली, बातम्यांवर सेन्सॉर बसला.

'सिलोन ऑब्झर्व्हर'चे संपादक होते तार्झी विट्टाची. स्वतः सिंहली. डोळ्यांसमोर घडतंय, पण छापता येत नाही! मग त्यांनी 'इमर्जन्सी ५८' हे पुस्तक लिहिलं आणि ते लंडनमधून प्रसिद्ध झालं. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इथवरची गोष्ट शूर संपादकाची. मला जास्त आवडते ती पुढची.

विट्टाची 'इंटरनॅशनल प्रेस इन्स्टिट्यूट'चे आशिया संचालक झाले. ही जगभरच्या संपादकांची संघटना. आशियातले कितीतरी देश नुकतेच स्वतंत्र झाले होते. पेपर निघत होते, पण तिथल्या लोकांना शिकवणार कोण? बातमी तपासायची कशी, पान लावायचं कसं, बजेट वाचायचं कसं? हे शिकवणं म्हणजेच 'मीडिया डेव्हलपमेंट'. पुढे १९६७ मध्ये मनिलात 'प्रेस फाउंडेशन ऑफ एशिया' उभी राहिली. विट्टाचींसोबत तिथे कोलकात्याचे पत्रकार अमिताभ चौधरी होते, तेही मॅगसेसे विजेते.

त्यांचा मुद्दा साधा होता. पूल कोसळला की बातमी होते. पण विहिरी दरवर्षी थोड्या थोड्या आटतात, त्याची होत नाही, कारण ते एका दिवसात घडत नाही. म्हणून फाउंडेशनने 'डेप्थन्यूज' ही सेवा काढली. शेती, लोकसंख्या, अर्थकारण यांवरचे लेख पेपरांना पुरवायचे.

आता खरी गोम. 'विकासाची पत्रकारिता' हा शब्द सरकारांनाही फार आवडला! त्यांना वाटलं, म्हणजे फक्त चांगलं छापायचं. आणि ज्या मनिलात ही संस्था होती, तिथेच १९७२ मध्ये मार्कोस यांनी मार्शल लॉ लावून पेपर बंद केले. लिहायचं कसं ते शिकवता येतं हो, पण लिहू देणारा देश कुठून आणणार?

विट्टाची पुढे संयुक्त राष्ट्रांत गेले. १९७४ च्या जागतिक लोकसंख्या वर्षाचं काम बघितलं, नंतर युनिसेफचे उपकार्यकारी संचालक झाले. १९९३ मध्ये ते गेले.

मला यातून एक कळलं: स्वातंत्र्य आणि कौशल्य, दोन्ही लागतात. एकाच्या नावाखाली कुणी दुसरं मागितलं, तर सावध व्हायचं.

आज फोनवर आलेली एखादी बातमी उघडा आणि विचारा, हे आजच घडलं की वर्षानुवर्षं घडत होतं? उत्तर मला व्हॉइस नोटने पाठवा. भेटू पुढच्या भागात!