रस्त्याकडेचा हापूस आणि विक्रेत्याचा शब्द

एप्रिल-मेमध्ये मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्याला चिपळूणपासून राजापूरपर्यंत जागोजागी आंब्याचे मांडव दिसतात. चार बांबू, वर ताडपत्री किंवा झापे, खाली भाताच्या पेंढ्यावर मांडलेला हापूस, शेजारी पायरी आणि रायवळची टोपली, आंबापोळी, फणसपोळी, आमसुले. एखादी म्हातारी द्रोणात करवंदे घेऊन बसलेली असते. यातले बरेच मांडव बागाईतदारांच्या घरच्या माणसांचेच असतात; आपली कोकणी मुस्लिम कुटुंबेही त्यांत आहेत.

बागाईतदार रस्त्यावर का बसतो? पेटी वाशीला पाठवली की भाडे, हमाली जाते आणि दलालाची पट्टी हाती येईपर्यंत भाव काय लागला ते कळत नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि थेट विक्रीची वाट कायद्यानेही मोकळी झाली. मांडवात रोख पैसे तेथल्या तेथे मिळतात. गिऱ्हाइकालाही देठाजवळ वास घेता येतो, फोड चाखता येते, "एक डझन आजचा द्या, दोन डझन चार दिवसांनी पिकेल असा" असे सांगता येते. हे सुख बंद पेटीत नाही.

मात्र या धंद्याला कीड लागली आहे ती आपल्याच हातांनी. परराज्यातला आंबा कोकणचा म्हणून खपवला जातो. वरच्या थरात मोठे फळ, तळाला बारके. (पेटीतल्या रद्दीवर कानडी अक्षरे निघाली की विक्रेत्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो!) २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले; पण रस्त्यावर कागद कोण तपासतो? कार्बाइडने फळ पिकवण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंदी आहे, तरी आढीत आठ-दहा दिवस थांबण्याचा धीर सर्वांना नसतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपण मुलांना शिकवतो. पेटी भरताना ती आठवावी.

गेल्या मे महिन्यात हातखंब्याजवळ एका मांडवात उभा होतो. पुण्याची गाडी थांबली.

"चाचा, देवगडचाच आहे ना?"

"नाही ताई, देवगड इथून लांब राहिलं. हा आमच्या घरचा, मागच्या डोंगरातला. पायरी मात्र लांजाहून विकत आणलीय, घरची नाही."

बाई क्षणभर घोटाळल्या. चाचांनी पेटी पालथी करून तळातली फळे वर मांडली. बाईंनी तीन डझन घेतले, घासाघीस न करता. जाताना फोन नंबरही लिहून घेतला. चाचांची निम्मी विक्री आता अशा नंबरांवरच होते. मोसम सुरू झाला की जुनी गिऱ्हाइके स्वतःहून फोन करतात आणि पेट्या एसटीने रवाना होतात.

उरलेली निम्मी विक्री रस्त्याची, आणि तिचाच घोर आहे. चौपदरीकरणात चाचांचा मांडव दोनदा हलला. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींच्या हद्दीत चालतो; ग्रामपंचायतीच्या हद्दीत महामार्गालगत बसणाऱ्याला त्याचा आधार नाही. महामार्गाची जागा तर सरकारची, तेथून उठवले तर तक्रार कोणाकडे करणार? ज्यांची स्वतःची जमीन रस्त्याला लागून आहे, त्यांनी मांडव हद्दीच्या आत घालावा आणि गाडी उभी राहील एवढी जागा मोकळी सोडावी, हे बरे.

चाचांनीही तेच केले आहे. यंदाचा मांडव त्यांच्या गडग्याच्या आत आहे. मात्र समोरच्या बाजूने येणाऱ्या गाडीला वळण घ्यायला आता बरेच पुढे जावे लागते.