बाजार-आवारातील व सार्वजनिक बागांतील पाण्याचा जमाखर्च

शेतकरी बांधबंदिस्ती करून शेतात पडलेले पाणी शेतातच मुरवितो. परंतु त्याचा माल ज्या बाजार-आवारात विक्रीस जातो, तेथील गुदामांच्या छपरांवरील पाणी पुष्कळदा गटाराला मिळते. आणि उन्हाळा आला म्हणजे त्याच आवारातील झाडांना व हिरवळीला टँकरचे पाणी घालावे लागते. बाजार समित्या, सहकारी कारखाने, दुकानांचे गाळे व नगरपालिकांच्या बागा या सर्वांनी आपल्या पाण्याचा जमाखर्च एकदा मांडून पाहिल्यास ही विसंगती सहज ध्यानी येईल.

जमेची बाजू

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. १,००० चौरस मीटर छपराच्या गुदामावर वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस पडल्यास ७ लाख लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ५ लाख ६० हजार लिटर पाणी हाती येऊ शकते.

एवढ्या पाण्याचे मोल काय, हे लातूरकरांस सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून लातुरास रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या गाडीच्या पहिल्या खेपेस १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले होते. म्हणजे बऱ्या पावसाच्या वर्षी एका मोठ्या गुदामाचे छप्पर त्या खेपेइतके पाणी देऊ शकते.

खर्चाची बाजू

आवारातील सर्वांत खर्चिक पीक म्हणजे शोभेची हिरवळ होय. कडक उन्हाळ्यात तिला दररोज ५ मिलिमीटर पाणी धरले, तर ५०० चौरस मीटर हिरवळीस रोज २,५०० लिटर, आणि एप्रिल व मे या दोन महिन्यांत दीड लाख लिटरांहून अधिक पाणी लागते. यास्तव हिरवळ लोक बसतात-उठतात तेवढ्याच जागी राखावी. इतरत्र कडुनिंब, करंज, बहावा यांसारखी झाडे आणि अडुळसा, निरगुडी, कण्हेर यांसारखी झुडपे लावावीत. पहिली दोन-तीन वर्षे जोपासना केल्यावर ती अल्प पाण्यावर तग धरतात. शिवाय मोठ्या वृक्षांची सावली माल घेऊन आलेल्या माणसांस व बैलांस लाभते.

झाडांच्या बुंध्याभोवती आळे करून त्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. पालापाचोळा जाळणे म्हणजे ओलाव्याचे पांघरूण जाळण्यासारखेच आहे. पाणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी द्यावे. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने खोलवर ओल जाईल असे दिल्यास मुळे खाली जातात. झुडपांच्या रांगांना ठिबक सिंचन सोयीचे पडते.

गळतीचा खर्च कोणाच्याही वहीत लिहिला जात नाही. मिनिटास एक लिटर गळणारा नळ दिवसाकाठी १,४४० लिटर पाणी घालवितो. रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा टिपावा व पहाटे पुन्हा पाहावा. मधल्या काळात टाकी भरली गेली नसता आकडा पुढे सरकला असेल, तर नळ कोठे तरी फुटला आहे असे समजावे.

पाणी साठविण्याची व मुरविण्याची रीत

छपराच्या कडेला पन्हळी बसवून पाणी एका नळात आणावे. पहिल्या पावसाचे पाणी धूळ व पक्ष्यांची विष्ठा घेऊन येत असल्यामुळे ते बाहेर सोडून देण्याची सोय असावी. त्यापुढील पाणी तळाशी गोटे, त्यावर खडी व सर्वांत वर वाळू अशा थरांच्या हौदातून गाळून घ्यावे. सर्व पाणी साठविता येईल एवढी टाकी बांधणे परवडत नाही. परंतु ५०,००० लिटरांची टाकी वरील छपरावर ६३ मिलिमीटर पाऊस पडताच भरते. उरलेले गाळलेले पाणी आवारातील विहिरीत सोडावे. विहीर नसल्यास मुरमाच्या थरापर्यंत शोषखड्डा घ्यावा, कारण त्याखालील अखंड काळ्या पाषाणात पाणी फारसे शिरत नाही.

येथे एक सावधगिरी अवश्य पाळावी. ज्या फरशीवर वाहनांचे तेल सांडते, अथवा खते व कीटकनाशके यांची चढउतार होते, तेथील पाणी विहिरीत वा विंधन विहिरीत कदापि सोडू नये. भूगर्भातील पाणी एकदा दूषित झाले की ते शुद्ध करणे अत्यंत कठीण असते.

या कामास मुहूर्त मे महिन्याचा. मृग लागण्यापूर्वी छप्पर झाडून, पन्हळी साफ करून व वाळूचा थर धुऊन ठेवावा. म्हणजे मृगाचे पाणी गटाराऐवजी टाकीची व विहिरीची वाट धरील.