विजेच्या मोटारींची शर्यत आणि तिचे नियम

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी मोटारींची जागतिक शर्यत झाली. तीत इंजिनाची गर्जना नव्हती आणि पेट्रोलचा वासही नव्हता, कारण 'फॉर्म्युला ई' नावाच्या या शर्यतीत सर्व गाड्या विजेवर धावतात. १९५६ पर्यंत नांदेड-लातूर हा भाग हैदराबाद राज्यातच होता. आजही नांदेडहून निझामाबादमार्गे आणि लातूरहून बीदरमार्गे आपली माणसे तेथे दवाखान्याला, व्यापाराला जातच असतात. तेव्हा ही शर्यत आम्ही परकी मानीत नाही.

परंतु प्रत्यक्ष जाऊन दिसते काय? फेरी पावणेतीन किलोमीटरांहून थोडी मोठी. त्यातला लहानसा तुकडा आपल्या वाट्याला येतो. जाळीपलीकडून शिट्टीसारखा आवाज येतो आणि पापणी लवते न लवते तोच गाडी नाहीशी होते. नियम ठाऊक नसेल तर वेगापलीकडे काहीच हाती लागत नाही.

मुख्य नियम असा की, प्रत्येक गाडीला वीज मोजून मिळते. सगळी आधीच उधळली तर शेवट गाठता येत नाही. ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत येते, तीही हिशेबात धरावी लागते. जो पुढे धावतो त्याला वारा कापावा लागतो, म्हणून त्याचा खर्च अधिक. ट्रकच्या आडोशाने सायकल हाकत पाळीला जाणाऱ्या कामगाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यामुळे मागे राहिलेला चालक दुबळाच असतो असे नाही. तो शिल्लक राखीत असतो.

दुसरा नियम जोराचा. त्या हंगामात एरवी ३०० किलोवॅट, म्हणजे सुमारे ४०० अश्वशक्ती, ही मर्यादा होती. काही मिनिटे ३५० किलोवॅट वापरता येत; पण त्यासाठी वळणावरची सोयीची वाट सोडून बाहेरच्या आखलेल्या पट्ट्यावरून जावे लागे आणि त्यात वेळ मोडे. हैदराबादेत फ्रान्सचा जाँ-एरिक व्हर्न जिंकला. स्वित्झर्लंडचा सेबास्तियाँ बुएमी तिसरा आला होता. परंतु मर्यादेपेक्षा अधिक जोर वापरल्याचा ठपका आला, दंडाचे सेकंद जोडले गेले आणि तो पंधरावा ठरला. तिसरे स्थान पोर्तुगालच्या अँतोनियो फेलिक्स द कोस्ताला मिळाले. निकाल लागला तो मोजणीच्या यंत्रावर. जाळीजवळच्या प्रेक्षकाला त्यातले काही दिसणे शक्यच नव्हते.

२०१४ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा बॅटरी अपुरी पडे आणि चालक अर्ध्यावर चक्क दुसऱ्या गाडीत बसे. २०१८ नंतर ते थांबले. आणखी एक गंमत होती. प्रेक्षकांनी मते द्यायची आणि लाडक्या चालकाला जादा जोर मिळायचा! २०२२-२३ च्या हंगामात तो नियम गेला. आमच्या मते योग्यच झाले. लोकप्रियतेवर मजुरी वाढू लागली, तर गुपचूप काम करणाऱ्याने काय करावे?

काही नियमांना मात्र जिवांचे मोल पडले आहे. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल माँ येथे गाडीचे अवशेष गर्दीत शिरले आणि ८० हून अधिक प्रेक्षक ठार झाले. त्यानंतर स्वित्झर्लंडने असल्या शर्यतींवर बंदी घातली. ती पूर्ण उठायला २०२२ साल उजाडले. विजेच्या गाड्यांना आधी सूट मिळाली म्हणून २०१८ साली झुरिकला शर्यत होऊ शकली.

आणि रस्त्याकडेला निशाण घेऊन उभे असणारे मार्शल? जगभर हे बहुतेक बिनपगारी स्वयंसेवक असतात. सप्टेंबर २०००मध्ये इटलीत मोंझा येथे पाओलो जिस्लिम्बेर्ती आणि मार्च २००१मध्ये मेलबर्नला ग्रॅहॅम बेव्हरिज, हे दोघे निखळलेल्या चाकाचा आघात होऊन गेले. चाके दोरांनी जखडण्याचा नियम त्याआधीच झालेला होता. तो पुरा पडला नाही. पुढे ते दोर अधिक बळकट करावे लागले.

हैदराबादची दुसरी शर्यत १० फेब्रुवारी २०२४ रोजी व्हायची होती, ती जानेवारीतच रद्द झाली. पुन्हा कोठे भरली आणि आपण गेलात, तर वळणाजवळची जागा घ्यावी. तेथे गाड्या मंदावतात, म्हणून दिसतात. मोठा पडदा नजरेच्या टप्प्यात असावा, म्हणजे कोणाची वीज किती उरली ते कळेल. आणि जाळीच्या आत उभा असलेला मार्शल भेटला, तर त्याची पाळी किती तासांची आणि त्याचा विमा कोणी उतरवला, एवढे जरूर विचारावे.