लिंक रॉडची लांबी आणि मोटारीचा तोल

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि या विक्रमाची गिनेस बुकात नोंद झाली. महामार्ग सोडून आडरस्त्याला लागले, की मात्र वऱ्हाडची काळी माती आपला गुण दाखवते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा रस्ता उंचसखल होतो. अशा रस्त्यावर मोटारीचे एक चाक वर, तर दुसरे खाली जात असते. या हालचालीचा ताण ज्या लहानशा भागावर येतो, तो म्हणजे स्टॅबिलायझर बारचा लिंक रॉड.

स्टॅबिलायझर बार ही डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारी पोलादी दांडी होय. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गाडी वळणावर कलते, तेव्हा ही दांडी पिळली जाऊन कल रोखते. दोन्ही चाके एकदम सारखीच उचलली गेल्यास ती केवळ आपल्या जागी फिरते. दांडीची टोके सस्पेन्शनशी जोडण्याचे काम लिंक रॉड करतात.

मूळ लिंकची लांबी सहसा ठरलेली असते. स्प्रिंग बदलून गाडीची उंची कमी-जास्त केल्यास ती लांबी जुळत नाही. दोन्ही बाजूंत फरक राहिला, तर सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीतही बार पिळलेलाच राहतो आणि गाडी डाव्या व उजव्या वळणावर वेगवेगळी वागते. यासाठी आट्यांवर लांबी बदलता येणारे लिंक वापरतात.

त्यांची जुळणी करताना गाडी सपाट पिटवर, चारही चाकांवर उभी हवी. एकच बाजू जॅकवर उचलली, की बार पिळला जातो आणि माप चुकते. टायरमधील हवा योग्य ठेवावी. शक्य असल्यास चालकाच्या आसनावर तेवढे वजन ठेवावे. प्रथम एका बाजूचा लिंक जोडावा. दुसऱ्या बाजूचा बोल्ट जोर न लावता, हाताने सहज छिद्रात जाईल इतकी लांबी ठेवावी. नंतर लॉक नट कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळावा. पुरेसे आटे आत गुंतले आहेत, तसेच स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवताना लिंक कोठे घासत नाही, याची खात्री करावी. काहीशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासणे हिताचे.

लांबी बदलल्याने बार अधिक ताठ होतो, हा गैरसमज आहे. ताठपणा मुख्यतः दांडीची जाडी आणि तिच्या भुजेची लांबी यांवर अवलंबून असतो. खडबडीत रस्त्यावर पुढून खटखट ऐकू आल्यास शॉक अॅब्सॉर्बर बदलण्यापूर्वी लिंकचे बॉल जॉइंट तपासून घ्यावेत. अनेकदा दोष त्या स्वस्त भागातच असतो आणि मोठा खर्च टळतो.