मरणाऱ्या गावाचे तिकीट

इटली पाहून आलेल्या मराठी माणसाला ‘काय काय पाहिलंत?’ असे विचारले, की रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा आणि व्हेनिस ही नावे एका दमात येतात. रोमहून फ्लॉरेन्सकडे जाताना साधारण तासाभराने ओर्व्हिएतो नावाचे स्थानक लागते. गाडीच्या खिडकीतून एक तपकिरी, सपाट माथ्याचा कडा दिसतो आणि त्या माथ्यावर अख्खे गाव बसलेले दिसते. बहुतेक प्रवासी तेवढ्यावरच समाधान मानतात. तिथून दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर असेच आणखी एक गाव आहे, चिव्हिता दि बान्योरेजो. दोन्ही गावे एट्रुस्कन लोकांनी, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या रहिवाशांनी वसवली. दोन्हींच्या पायाखाली एकाच प्रकारचा खडक आहे. तरीही एक गाव आज शाळा, बाजार, न्हावी, दवाखाना यांसह नांदते आहे आणि दुसऱ्यात कायम राहणारी माणसे जेमतेम डझनभर उरली आहेत. असे का झाले, हा प्रश्न घेऊन मी या टापूत काही दिवस काढले.

उत्तराचा अर्धा भाग भूगर्भात आहे. फार पूर्वी, सुमारे वीसेक लाख वर्षांमागे, इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी निळसर करड्या चिकणमातीचे जाड थर साठले. समुद्र हटला, आणि गेल्या काही लाख वर्षांत इथल्या ज्वालामुखींनी त्या मातीवर राख आणि दगडगोट्यांचा वर्षाव केला. जवळचे बोल्सेना सरोवर हे त्याच ज्वालामुखींच्या खचलेल्या मुखात साठलेले पाणी आहे. युरोपातले सर्वांत मोठे ज्वालामुखीजन्य सरोवर म्हणून ते ओळखले जाते. पडलेली राख दबून, घट्ट होऊन जो खडक बनला तो टफ. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण तो वाहता लाव्हा थिजून बनलेला काळा, कठीण बेसाल्ट. टफ त्या मानाने हलका, सच्छिद्र आणि हत्याराने सहज कापला जाणारा. म्हणून इथे घर बांधायचे तर खालूनच दगड काढायचा, आणि दगड काढून झालेला खड्डा तळघर म्हणून वापरायचा. ओर्व्हिएतोच्या पोटात अशा बाराशेच्या वर गुहा आहेत. काहींत तेलाचे घाणे होते, काहींत वाइन मुरत असे. काहींच्या भिंतींत ओळीने चौकोनी कोनाडे कोरलेले दिसतात. ते कबुतरांसाठी. कबुतर बाहेर जाऊन पोट भरून येई, आणि गावाला वेढा पडला तरी घरात मांस असे.

या रचनेतली खरी गोम आहे ती टफ आणि चिकणमाती जिथे मिळतात त्या रेषेवर. पावसाचे पाणी टफमधून झिरपत खाली येते, मातीला मात्र भेदू शकत नाही. म्हणून ते त्या सांध्यावर साठते किंवा कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने फुटते. माणसे इथे वसली याचे एक कारण हेच पाणी. पण भिजलेली माती फुगते, मऊ होते, वाळली की भेगाळते आणि पुढच्या पावसात वाहून जाते. माती गेली की वरच्या टफचा आधार जातो. मग कड्याला समांतर अशा उभ्या भेगा पडतात आणि एखाद्या वर्षी घराएवढा तुकडा दरीत उतरतो. गावाला जगवणारी आणि गावाला मारणारी रेषा एकच!

ही रेषा ओर्व्हिएतोत माणसाने खणून गाठली आहे. १५२७ मध्ये रोमची लूट झाली तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून या कड्यावर आला. वेढा पडला तर पाण्याचे काय, या धास्तीने त्याने आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुविशारदाकडून एक विहीर खणून घेतली. ती १५३७ मध्ये पुरी झाली. खोली ५३ मीटर, रुंदी १३ मीटर. भिंतीच्या आतून दोन गोल जिने फिरतात, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे, आणि ते एकमेकांना कुठेही छेदत नाहीत. पाणी आणणारी खेचरे एका जिन्याने उतरत आणि दुसऱ्याने चढत, म्हणजे वाटेत समोरासमोर खोळंबा नाही. सत्तर खिडक्यांतून मधल्या पोकळीतला उजेड जिन्यावर येतो. पायऱ्या खेचरांच्या पावलाच्या मापाच्या, त्यामुळे माणसाची चाल मात्र विचित्र होते. दोन पावलांना कमी आणि एकाला जास्त. वरचा टफ संपून बांधकाम सुरू होते ती जागा नीट दिसते. वाटाड्यांचे सारे लक्ष पोपच्या गोष्टीवर असते. मला विचाराल तर त्या उतरणीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण हा खडक बदलण्याचाच.

गावाचे १२९० मध्ये सुरू झालेले कॅथीड्रल आणि आतली सिन्योरेल्लीची भित्तिचित्रे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे; ती पाहायला एक सकाळ राखून ठेवावी, एवढेच म्हणतो.

विसाव्या शतकात ओर्व्हिएतोचा कडाही ढासळू लागला. सत्तरच्या दशकात मोठे तुकडे पडले. गळके नळ आणि जुनी गटारे यांतून मुरणारे पाणी हे त्याचे एक मोठे कारण निघाले. म्हणजे शहर स्वतःच्याच सांडपाण्याने स्वतःचा पाया भिजवत होते. १९७८ मध्ये इटलीच्या संसदेने ओर्व्हिएतो आणि तोदी या दोन गावांचे डोंगर सावरण्यासाठी खास कायदा केला. पैसा आला, नळ आणि गटारे बदलली, कड्यात पोलादी सळया ठोकल्या. १८८८ साली सुरू होऊन १९७० मध्ये बंद पडलेली दोरवाटेची रेल्वे १९९० मध्ये पुन्हा धावू लागली आणि मोटारी खाली ठेवून वर जाण्याची सोय झाली. हे सारे करण्याजोगे गाव तोवर तिथे टिकून होते, हा मुद्दा इथे विसरून चालत नाही.

चिव्हिताची गोष्ट याच मुद्द्यावर वेगळी होते. बान्योरेजोच्या टोकाशी उभे राहिले की समोर दरीत एकट्या सुळक्यावर गाव दिसते. भोवती करड्या मातीच्या, धारदार कण्यांच्या टेकड्या. त्यांना तिकडे ‘कालांकी’ म्हणतात. एके काळी या दोन वस्त्या डोंगराच्या एका सलग धारेने जोडलेल्या होत्या आणि चिव्हिता ही त्यांतली थोरली होती. जून १६९५ च्या भूकंपाने ते नाते उलटे केले. बिशप आणि नगराचा कारभार धाकट्या वस्तीत, आजच्या बान्योरेजोत, हलला आणि मागोमाग माणसे हलली. मधली धार झिजत गेली. त्यावरचा पूल दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला. आजचा सुमारे तीनशे मीटरचा काँक्रीटचा पादचारी पूल १९६५ चा आहे.

त्या पुलाची चढण शेवटी चांगलीच अंगावर येते. मोटारींना बंदी आहे. सामान नेणारी एक छोटी तीनचाकी माझ्या बाजूने खडखडत गेली आणि बारामतीत बनणाऱ्या तिच्या भावंडांची आठवण झाली. वेशीच्या दरवाजावर दगडी सिंह माणसांची मुंडकी पंजात धरून बसले आहेत. ओर्व्हिएतोच्या मोनाल्देस्की या जुलमी घराण्यावरच्या विजयाची ती खूण, असे सांगतात. आत शिरताच एका वाड्याची दर्शनी भिंत लागते. खिडक्यांतून पलीकडे खोली दिसायला हवी तिथे आभाळ दिसते, कारण भिंतीमागचा वाडा दरीत गेला आहे. संत बोनाव्हेंतुरा हा तेराव्या शतकातला थोर धर्मपंडित इथला. दांतेच्या ‘दिव्हिना कोम्मेदिया’त तो आपली ओळख बान्योरेजोचा म्हणूनच करून देतो. त्याचे बालपणीचे घरही याच वाटेने गेले.

बोनाव्हेंतुरा तेक्की या इथल्याच लेखकाने गावाला ‘मरणारे गाव’ म्हटले आणि तेच पुढे गावाचे बिरुद झाले. गंमत म्हणजे हीच ओळख आता गावाला पोसते. २०१३ मध्ये नगरपालिकेने पुलावर प्रवेशशुल्क सुरू केले, आरंभी दीड युरो, पुढे वाढवत पाच युरो. वर्षाला लाखो लोक येऊ लागले. त्या उत्पन्नावर बान्योरेजोच्या रहिवाशांचे स्थानिक कर माफ करण्यात आल्याच्या बातम्या इटलीभर गाजल्या.

गावासाठी तिकीट घ्यायचे, हे पुष्कळांना खटकते. संग्रहालय आणि गाव यांत फरक नको का, असे ते विचारतात. माझे मत थोडे वेगळे आहे. संसदेने ज्याच्यासाठी कायदा केला नाही अशा कड्याची निगा कुणाच्या पैशाने राखायची? इथे खोल विहिरींसारखे खड्डे घेऊन त्यांतून आडव्या सळया घालून भेगाळलेला टफ शिवावा लागला आहे. अशी कामे एकदा करून संपत नाहीत. कारण खालच्या दरीतले दोन्ही ओढे, एकाचे नाव ‘स्वच्छ’ आणि दुसऱ्याचे ‘गढूळ’, माती नेतच राहतात. अलेमान्नी वाड्यात भूशास्त्र आणि दरडी यांचे छोटे संग्रहालय आहे. हे सारे तिथे नकाशांसह समजावले आहे, पण रांग मात्र शेजारच्या खानावळीसमोर होती.

माझी तक्रार तिकिटाबद्दल नाही, संध्याकाळबद्दल आहे. दिवस मावळताना पर्यटक पूल उतरतात आणि चौकात मांजरे उरतात. सळयांनी दगड धरून ठेवता येतो. पण दळण, शाळा, रोजचा भाजीपाला पुलापलीकडे गेलेल्या गावात तरुण जोडप्याने राहायला का यावे, याचे उत्तर पाच युरोत अजून सापडलेले नाही.

गुड फ्रायडेच्या संध्याकाळी चिव्हिताच्या सान दोनातो चर्चमधला पंधराव्या शतकातला लाकडी ख्रिस्त पूल ओलांडून बान्योरेजोच्या मिरवणुकीत नेतात. जुना दंडक असा सांगतात, की तो मध्यरात्रीच्या आत परत पोचला पाहिजे. उशीर झाला तर तो बान्योरेजोचाच होईल. डझनभर रहिवाशांच्या गावाला एवढी जड मूर्ती एकट्याने वाहणे शक्य नाही. तेव्हा तिला खांदा द्यायला आता बान्योरेजोचीच माणसे लागतात, आणि वेळेच्या आत चढण चढून तिला परत तिच्या जागी नेतात तीही तीच.