गोल पाठीची खुर्ची

सुतार खुर्चीची गोल पाठ करतो ती लाकूड वाफवून वाकवतो, नाही तर फळीतून कमान कापतो. बरेचसे लाकूड भुशात जाते. ‘सेकंड लाइफ’ या २००३ साली सुरू झालेल्या संगणकातल्या जगात भुसा पडत नाही, पण काटकसर मात्र तिथेही सुटत नाही! तिथली वस्तू ‘प्रिम’ नावाच्या ठोकळ्यांची, अन् ५१२ चौरस मीटरच्या जागेत पूर्वी अवघे ११७ प्रिम मावत. आमच्या पुतणीने पाठीसाठी १२ फळ्या तिरक्या उभ्या केल्या. दहावा हिस्सा एका पाठीतच गेला की हो!

मग युक्ती सापडली. ६० सेंटिमीटर व्यासाचे एकच नळकांडे घ्यायचे, ९५ टक्के पोकळ करायचे. दीड सेंटिमीटरची भिंत उरते. ‘पाथ कट’ने पाव ते पाऊण एवढाच भाग ठेवला की अर्धगोल पाठ तयार, एका प्रिमात! मोठ्या नळकांड्याची अशीच चिंचोळी फाक आडवी पाडली, की झाली झुलत्या खुर्चीची कमान.

२०११ पासून बाहेर घडवलेली ‘मेश’ खुर्ची आत आणता येते. पुतणीला आपले नळकांडेच प्रिय. फक्त तिची बाहुली पहिल्यांदा बसली ती पाठीच्या आरपार. बैठकीची जागा जुळवण्यात अख्खी संध्याकाळ गेली.